वाडवडिलांच्या कबरी

मननासाठीं : उत्पत्ति, अध्याय २३, अनुवाद ३४:५-६.



अब्राहामाविषयीं पवित्र शास्त्रांत पुष्कळ सांगितलें आहे; परंतु त्यानें जमिनीचा एक तुकडा विकत घेतला त्याची हकीकत जितक्या बारकाईनें दिली आहे, तितकी त्याच्या दुसऱ्या कोणत्याही व्यवहाराची दिलेली नाहीं. साऱ्या कनान देशाचें वचन ज्याला मिळालें होतें, त्याच्यापाशीं आपल्या बायकोला पुरण्यापुरतीही भूमि नव्हती. सारा मरण पावली तेव्हां तो हेथाच्या वंशजांपुढें उभा राहिला. वेशींत, सर्व लोकांच्या देखत बोलणें झालें. एफ्रोन जमीन फुकट देऊं लागला, ती त्यानें फुकट घेतली नाहीं. ४०० शेकेल रुपें तोलून दिलें. मग तें शेत, शेतांतील गुहा आणि चतुःसीमेच्या आंतील सर्व झाडें त्याच्या मालकीचीं ठरलीं. आमच्या गांवच्या तलाठ्यानें लिहिलें असतें तरी याहून नीट लिहिलें नसतें. पुढें मिसरांत मरणोन्मुख झालेल्या याकोबानें मुलांना तीच जागा सांगितली, ती एखाद्याला पत्ता सांगावा तशी: शेत कोणाचें, कोणत्या गांवासमोर, कोणाकडून घेतलेलें, व तेथें आधीं कोणाकोणाला ठेविलें आहे.

ही एक कबर झाली. दुसरी मोशेची. ज्याच्याशीं परमेश्वर समोरासमोर बोलत असे, त्याच्या कबरेचा थांग कोणालाच लागला नाहीं, असें अनुवादाच्या शेवटीं लिहिलें आहे. एक कबर चतुःसीमेसह लिहिलेली, आणि दुसरी मुळींच न सांपडणारी. ह्या दोन कबरी गेलें वर्षभर आमच्या मनांत घोळत आहेत. त्याचें कारण सांगतों.

मागच्या पौषांत एक तरुण गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचे पणजोबा आमच्याच मंडळीच्या एका खेड्यांत ख्रिस्ती शिक्षक होते व १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत वारले, एवढें त्यांना घरच्या बोलण्यावरून ठाऊक होतें. घराणें पुढें गिरणीच्या कामासाठीं मुंबईस गेलें, मुलें शिकलीं, आणि आतां हे गृहस्थ परदेशांत नोकरी करितात. त्यांच्या मोबाइलांत दोन आंकडे लिहिलेले होते. कोणा दूरच्या नातलगानें दहाबारा वर्षांपूर्वीं गांवीं येऊन कबरस्थानाचा फोटो काढला होता, आणि कबरींची नोंद ठेवणाऱ्या एका संकेतस्थळावर तो ठेवितांना हे आंकडे जोडले होते. गृहस्थ मोठ्या आनंदानें म्हणाले, "पाळकसाहेब, आतां कोणाला विचारावयास नको. हें जी. पी. एस. आपल्याला थेट पणजोबांपाशीं नेऊन उभें करील."

आम्ही त्यांच्याबरोबर निघालों. यंत्रानें आम्हांस एका उंसाच्या फडांत नेऊन उभें केलें. कबरस्थान तेथून ओढ्यापलीकडे चांगलें अर्ध्या किलोमीटरवर होतें. पाटाचें पाणी फिरविणारा गडी हातांत खोरें घेऊन आमच्याकडे पाहत राहिला; पाळकसाहेब फडांत काय शोधीत आहेत, हें त्याला कळेना. आम्हांसही हसूं आलें, परंतु त्या तरुणाचा चेहरा उतरला. तो फार लांबून आला होता.

आंकडे खोटे नव्हते, अपुरे होते. पृथ्वीवरील कोणतेंही ठिकाण अक्षांश व रेखांश ह्या दोन मापांनीं सांगतां येतें. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याचें (ज्याचें नांव २०२४ सालापर्यंत अहमदनगर होतें) मुख्य शहर सुमारें १९ अंश उत्तर व पाऊणशें अंश पूर्व येथें आहे. पण एक अंश म्हणजे सुमारें १११ किलोमीटर. म्हणून अंशाचे दशांश करावे लागतात. दशांशचिन्हापुढें दोन अंक लिहिले तर एका अंकाचें अंतर एक किलोमीटरहून अधिक. चार अंक लिहिले तर ११ मीटर. पांच अंक लिहिले तर एक मीटरच्या आसपास. त्या नातलगानें दोनच अंक लिहिले होते. गांव सांगावयास तेवढे पुरतात. कबर सांगावयास पुरत नाहींत.

हें यंत्र काय करितें हें आमच्या सुवार्तिक बंधूंनीं नीट समजून घ्यावें, कारण गांवांत त्याविषयीं पुष्कळ भलत्या गोष्टी बोलल्या जातात. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानें १९७८ सालापासून हे उपग्रह आकाशांत सोडण्यास आरंभ केला, आणि १९९५ सालीं ती योजना पूर्णपणें कामास लागली. निदान २४ उपग्रह पृथ्वीपासून सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरून दिवसाला दोन फेरे घालितात. प्रत्येकांत अतिशय सूक्ष्म घड्याळ असतें. तो उपग्रह सारखा एवढेंच सांगत असतो कीं, मी अमुक ठिकाणीं आहें आणि आतां अमुक वेळ झाली. तो निरोप प्रकाशाच्या वेगानें खालीं येतो. यावयास किती वेळ लागला यावरून तो किती दूर आहे तें कळतें, व असे चार निरोप मिळाले म्हणजे आपण कोठें उभे आहों हें गणितानें निघतें. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाइतकी चूक झाली तर ३०० मीटरांचा फरक पडतो, यावरून त्या घड्याळांची कल्पना करावी. २००० सालच्या मे महिन्यापर्यंत सामान्य लोकांच्या वांट्यास येणाऱ्या निरोपांत अमेरिकन सरकार मुद्दाम चूक मिसळीत असे. तें बंद झालें म्हणून आज हें साधन आपल्या कामाचें झालें आहे. भारतानेंही २०१३ सालापासून स्वतःचे उपग्रह सोडले व त्या योजनेस नाविक हें नांव दिलें.

कित्येक वृद्ध माणसांस वाटतें कीं, वरून कोणी आपणांस पाहत असतो. तसें नाहीं. उपग्रह बोलतो, मोबाइल ऐकतो. उपग्रहाला तुमचा पत्ता नसतो. म्हणूनच जेथें फोन लागत नाहीं अशा माळावरही हे आंकडे मिळतात. मात्र मोकळ्या आकाशाखालीं मोबाइलची चूक पांच मीटरांच्या आसपास असते, आणि लिंबाच्या दाट सावलींत किंवा भिंतीजवळ ती वाढते. आमच्या कबरस्थानांत पांच मीटरांच्या फेऱ्यांत आठदहा कबरी सहज येतात. म्हणजे अगदीं बरोबर आंकडे असते, तरीही त्या तरुणाला आठदहा मातीच्या उंचवट्यांमध्यें उभें राहून विचारावें लागलेंच असतें कीं, यांतले माझे कोण?

आणि हीच गोष्ट आमच्या मनाला लागली. हें यंत्र कबर जाणत नाहीं. तें उभ्या असलेल्या माणसाची जागा सांगतें, दुसरें कांहीं सांगत नाहीं. आधीं कोणीतरी जाणतें माणूस त्या कबरेपाशीं उभें राहिलें पाहिजे.

तर आम्ही त्या गृहस्थांस कबरस्थानांत आणलें. सत्तरऐंशीं उंचवटे, त्यांवर तरवड व घाणेरी माजलेली, आणि अक्षरें असलेले दगड चार. त्या चारांत त्यांचे पणजोबा नव्हते. तेव्हां आम्हीं गांवांतील एका वृद्ध विधवा भगिनीस बोलावणें पाठविलें. वय नव्वदीच्या घरांत, एका डोळ्यानें कमी दिसतें. नातीच्या खांद्यावर हात ठेवून ती आली. तिनें उंचवट्यांकडे पाहिलेंही नाहीं. ती आधीं पडक्या विहिरीच्या थारोळ्यापाशीं गेली, तेथें पाठ टेकून उभी राहिली, आणि समोरच्या डोंगराची खिंड डोळ्यासमोर धरून चालूं लागली. खिंडींतला पांढरा दगड जेथून पुरा दिसूं लागला तेथें थांबली व काठी टेकून म्हणाली, "हे मास्तर. माझ्या आईनं दावलं व्हतं. सांथीत गेले, सगळ्या गावाला औषीद वाटून गेले."

वाचकहो, आम्ही सेमिनरींत भूगोल व थोडेंबहुत गणित शिकलों आहों. समुद्रांतील नावाडी दोन खुणा एका रेषेंत धरून आपली जागा ठरवितो, हेंही वाचलें होतें. अक्षर न शिकलेल्या ह्या बाईच्या आईनें तीच युक्ति करून ती जागा शंभर वर्षें जतन केली होती.

मग तिनें काठी थोडी सरकविली. "आन यांच्या पायथ्याला माझा भाऊ हाय. दोन वर्साचा." त्या ठिकाणीं उंचवटा नव्हता, दगड नव्हता, कांहींच नव्हतें. तो तरुण आपला एक मृत शोधावयास आला होता. तिचाही एक तेथें आहे, हें आम्हांस, तिच्या पाळकांस, ठाऊक नव्हतें.

आतां जें सांगावयाचें तें सांगतांना आम्हांस लाज वाटते, परंतु सांगितलें पाहिजे. आमच्याच फेरींतील दुसऱ्या एका वाडीवर एक वृद्ध भाऊ होते. १८९९-१९०० च्या दुष्काळांत अन्नासाठीं फिरत आलेलीं व तेथेंच मेलेलीं पुष्कळ माणसें त्यांच्या आजोबांनीं आपल्या हातांनीं पुरलीं होतीं, आणि कोणाला कोठें पुरलें हें लहानपणीं नातवाला फिरवून दाखविलें होतें. कांहींचीं नांवें, कांहींचीं केवळ गांवें. ते आम्हांस तीन वेळां म्हणाले, "पाळकसाहेब, एकदां वही घेऊन या, मी दाखवितों." आम्ही म्हणालों, येतों. एकदां मंडळीची वार्षिक सभा आडवी आली, एकदां मंदिराच्या पत्र्याचें काम निघालें, आणि तिसऱ्या वेळीं खरें म्हणजे कांहींच आडवें आलें नव्हतें. ऊन फार होतें. त्यानंतर आम्ही गेलों तें त्यांच्या मातीला. खड्डा खणणाऱ्यांच्या कुदळीस हाडें लागलीं. त्यांनीं हात थांबवून आमच्याकडे पाहिलें. तीं कोणाचीं, हें सांगणारा माणूस पेटींत होता.

तेव्हांपासून आमच्याकडे वही आहे.

कोणी म्हणेल कीं, मेलेल्यांच्या जागा ठाऊक असल्या नसल्या तर काय होतें? आम्ही उत्तर देण्यापूर्वीं आपल्या लोकांचा इतिहास पाहूं. ज्यांच्या घरीं जमीनजुमला होता, त्यांच्या वंशावळ्या लिहिणारे होते. तीर्थाच्या ठिकाणीं पंड्यांच्या वह्या होत्या. दक्षिणेकडे हेळवी बैलावरून दारोदार येऊन सात पिढ्या म्हणून दाखवीत. आमच्यांतील बहुतेकांच्या पणज्यांसाठीं कोणी वही उघडली नाहीं. वतनाच्या कागदांत एखादें नांव येई, तेंही कामगार म्हणून. आणि तीं वतनेंही १९५८ च्या कायद्यानें संपलीं. पुष्कळ घरांत आजोबाचें नांव आदरानें लिहिलेला पहिला कागद म्हणजे मंडळीच्या बाप्तिस्म्याची नोंदवही होय. त्या वहींत त्याचें नांव, बापाचें नांव, गांव, तारीख आणि पाळकाची सही आहे. परंतु पुरण्याच्या नोंदींत बहुधा तारीख व रोग एवढेंच आहे. कबर कोठें, हें लिहिण्याची गरज तेव्हां कोणास वाटली नाहीं, कारण सर्वांस ठाऊक होतें. सर्वांस ठाऊक असलेली गोष्टच आधीं हरवते.

मिशनरी साहेबांच्या कबरींचें तसें झालें नाहीं, निदान सर्वांच्या नाहीं. बाई सिंथिया फेरार १८२७ च्या अखेरीस मुंबईस उतरल्या, मुलींच्या शाळा चालवीत राहिल्या व १८६२ च्या जानेवारींत नगरास वारल्या. त्यांचें नांव आजही लोकांच्या तोंडीं आहे. परंतु त्यांच्यांतही मोशेसारखे आहेत. आपल्या मराठी मिशनाचे पहिले पुरुष गॉर्डन हॉल हे नाशिकाकडील फेरीवरून परततांना २० मार्च १८२६ रोजीं वाटेंत पटकीनें मरण पावले. बरोबर एकही गोरा माणूस नव्हता, सोबतच्या मुलांनींच त्यांस मूठमाती दिली. भारतांतील युरोपियनांच्या कबरींची देखरेख व्हावी म्हणून १९७६ सालीं इंग्लंडांत एक संस्था स्थापन झाली, व तिनें पुष्कळ दफनभूमींच्या याद्या छापल्या. खडकीच्या युद्ध-कबरस्थानांत तर पहिल्या महायुद्धांतील अशा शिपायांचीं नांवें कोरलीं आहेत, कीं ज्यांच्या मूळ कबरी आतां राखतां येत नाहींत. हें सर्व चांगलेंच आहे. पण सांथींत औषध वाटतां वाटतां मेलेल्या आमच्या मास्तरांची यादी विलायतेंत कोणी करणार नाहीं, आणि त्याबद्दल विलायतेस दोष देण्याचेंही कारण नाहीं. तें काम आपलें आहे.

आपल्याच भाषेच्या दुसऱ्या एका समाजाचें उदाहरण घ्या. कोंकणांतील बेने इस्राएल लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. त्यांचे पूर्वज नवगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून बुडाले, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि वाहून आलेलीं प्रेतें तेथेंच पुरलीं, अशी त्यांची परंपरा आहे. त्या प्रेतांच्या नांवांपैकीं एकही कोणास ठाऊक नाहीं. तरीही नवगांवची जागा त्यांनीं धरून ठेविली, तेथें स्मारक उभारलें, आणि आज इस्राएल देशांत राहणारे त्यांचे नातूपणतूही ती पाहावयास येतात. नांवें हरवलीं तरी ठिकाण राहिलें. आमच्याकडे उलट आहे: वहींत नांवें राहिलीं, ठिकाणें हरवत आहेत.

आमच्या एका सुवार्तिक बंधूंनीं प्रामाणिकपणें शंका विचारली कीं, हें दुसऱ्या दारानें पितरांना घरांत आणणें तर नव्हे? शंका योग्य आहे. आपल्या वाडवडिलांनीं देव्हाऱ्यांतले टाक काढून ठेविले, पितृपक्षांत कावळ्यापुढें पान ठेवण्याचें सोडिलें, म्हसोबाचें भय सोडिलें. आणि हें सोडतांना त्यांना भावकीचे शब्द सोसावे लागले. त्यांच्याच कबरेवर आपण नारळ फोडूं लागलों तर त्यांनीं सोसलेलें सर्व फुकट जाईल. मागें एका कबरेवर आम्हांस नैवेद्याचें ताट दिसलें. आम्ही रागें भरलों नाहीं. त्या घरच्या सुनेपाशीं बसून बोललों. तिला वाटत होतें कीं, सासूबाई उपाशी राहतील. तिच्या त्या प्रेमाला आम्ही नांवें ठेवीत नाहीं. तिला सांगावयाचें होतें तें एवढेंच कीं, सासूबाईंची काळजी आतां तिच्या हातांत नाहीं; आणि ज्याच्या हातांत आहे, त्यानें त्यांना उपाशी ठेविलेलें नाहीं.

याच संबंधानें आणखी एक सूचना. जगांतील वंशावळ्या व कबरींच्या नोंदी गोळा करण्याचें फार मोठें काम अमेरिकेच्या यूटा प्रांतांतील अंतिम दिवसांच्या संतांची म्हणविणारी मंडळी करीत आली आहे. त्यांची यासाठीं असलेली संस्था १८९४ सालीं निघाली. त्यांच्या नोंदी बहुधा काळजीपूर्वक केलेल्या असतात, व त्या पाहण्यास आमची हरकत नाहीं. परंतु मेलेल्यांच्या वतीनें जिवंतांनीं बाप्तिस्मा घ्यावा, असें त्यांचें मत आहे. तें आपलें नाहीं. आपले आजोबा स्वतःच्या तोंडानें होय म्हणाले, किंवा म्हणाले नाहींत. त्यांच्या वतीनें आपण आतां तें म्हणूं शकत नाहीं.

पवित्र शास्त्र ह्या दोन टोकांच्या मध्यें आपणांस चालवितें. योसेफाच्या अस्थि इस्राएल लोकांनीं मिसरांतून निघतांना बरोबर घेतल्या, साऱ्या रानांतून वाहिल्या, आणि शखेमांत पुरल्या. राहेलीच्या कबरेवर याकोबानें स्तंभ उभा केला. शूशन राजवाड्यांत प्याला हातीं घेऊन उभ्या असलेल्या नहेम्याचें तोंड उतरलें, तेव्हां राजाला त्यानें जें पहिलें कारण सांगितलें, त्यांत वाडवडिलांच्या कबरींचें नगर उजाड पडल्याचें दुःख होतें. त्या कबरींपाशीं जाऊन त्यानें पूजा केली नाहीं. त्यानें कोट बांधला. योशिया राजानें बेथेलांत एक स्मारक पाहिलें आणि विचारलें, हें कोणाचें? गांवकऱ्यांनीं सांगितलें, म्हणून त्या संदेष्ट्याच्या अस्थि हालविल्या गेल्या नाहींत. गांवकऱ्यांना ठाऊक नसतें तर? दुसऱ्या बाजूला, संदेष्ट्यांच्या कबरी शृंगारून त्यांचें म्हणणें मात्र न ऐकणाऱ्या लोकांस प्रभूनें किती कठोर शब्द लाविले, तेंही मत्तयाच्या २३ व्या अध्यायांत आहे. आणि पुनरुत्थानाच्या सकाळीं ज्या स्त्रिया कबरेपाशीं गेल्या, त्यांना ती कोठें आहे हें नीट ठाऊक होतें. पुरतांना त्यांनीं जागा पाहून ठेविली होती असें लूक सांगतो. जागा ठाऊक होती म्हणूनच ती रिकामी आहे हें त्यांना कळलें.

मोशेची कबर देवानें कां लपविली? पुष्कळ उपदेशक सांगतात कीं, लोकांनीं तिची पूजा करूं नये म्हणून. असेल, परंतु शास्त्रांत कारण दिलेलें नाहीं, व आम्ही पदरचें घालीत नाहीं. आम्हांस त्यांत दुसरेंच समाधान वाटतें. त्या वाडीवरच्या दुष्काळांतील माणसांच्या जागा आतां आम्ही कधींही लिहूं शकणार नाहीं, आणि तो दोष आमचा आहे. जायकवाडीचें धरण १९७६ सालीं पुरें झालें, तेव्हां कित्येक गांवें पाण्याखालीं गेलीं, व त्यांबरोबर तेथलीं दफनस्थळेंही गेलीं. ज्यांस आम्ही विसरलों किंवा ज्यांवर पाणी आलें, त्यांस पुरतांना कोणी तरी पाहत होता. मोशेला पुरणारा तोच. ह्यामुळें आमचा आळस क्षम्य ठरतो असें मात्र कोणीं समजूं नये.

आतां कामाविषयीं. प्रत्येक सुवार्तिकानें व मंडळीच्या प्रत्येक कारभाऱ्यानें आपल्या गांवांतील सर्वांत वृद्ध माणसापासून आरंभ करावा, कबरस्थानापासून नव्हे. त्या माणसाला बरोबर घेऊन जावें, चालवत नसेल तर बैलगाडींतून किंवा मोटरसायकलवरून न्यावें, आणि ऊन आहे म्हणून राहूं नये. तें माणूस जेथें थांबेल तेथें मोबाइल हातांत धरून दोनतीन मिनिटें स्वस्थ उभें राहावें. लगेच दिसतो तो आंकडा घेऊं नये. नकाशांतील निळ्या ठिपक्यावर बोट ठेविलें असतां दोन आंकडे येतात: पहिला अक्षांश, दुसरा रेखांश. दशांशचिन्हापुढें पांच अंक लिहावे. दुसऱ्या दिवशीं पुन्हां जाऊन ताडून पाहावें. फोटो काढावा; दगडावर अक्षरें असतील तर सकाळच्या किंवा सायंकाळच्या तिरप्या उन्हांत काढावा, म्हणजे झिजलेलीं अक्षरेंही उठून दिसतात. दगडाला चुना, खडू किंवा तेल फांसूं नये.

एवढ्यावर थांबूं नये. विहीर, मंदिराचा कोपरा, हद्दीचा दगड अशा दोन पक्क्या खुणांपासून दोरीनें अंतर मोजून तेंही लिहावें. याचें कारण मोठें नवलाचें आहे. आपण ज्या भूमीवर उभे आहों तीही स्थिर नाहीं. सारा हिंदुस्थान दरवर्षीं सुमारें पांच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकत आहे. शंभर वर्षांत पांच मीटर. म्हणजे आज लिहिलेला आंकडा आपल्या पणतवाला एकदोन कबरी चुकवील. पण विहीर व कबर ह्या दोन्ही बरोबरच सरकतील, म्हणून त्यांच्यामधील अंतर खरें राहील. अब्राहामाच्या खरेदींत शेताची सीमा व झाडें कां लिहिलीं, हें आम्हांस आतां अधिक कळतें.

हे आंकडे मालकीचा पुरावा होत नाहींत, हें ध्यानांत ठेवावें. कबरस्थानाच्या हद्दीचा वाद असेल तर भूमि अभिलेख कार्यालयाकडून सरकारी मोजणी करून घ्यावी. मोबाइल दाखवून शेजाऱ्याशीं भांडूं नये. ज्या घरची कबर त्या घराला विचारल्यावांचून फोटो जगासमोर ठेवूं नये, आणि जिवंत माणसांचीं नांवें व जन्मतारखा तर मुळींच ठेवूं नयेत. मूळ नोंद शाईनें वहींत लिहावी व ती वही मंदिरांत ठेवावी. संकेतस्थळें निघतात व बंद पडतात. मोबाइल तर दोन वर्षांत बदलतो.

त्या पौषांतल्या दिवसाचें थोडें राहिलें आहे. तरुण गृहस्थांनीं मास्तरांच्या कबरेची नोंद घेतली, गुडघे टेकून वरची घाणेरी उपटली, आणि मग आजींना विचारलें कीं, भावाच्या जागीं लहानसा दगड बसवूं कां, व त्यावर नांव काय घालावें. आजी गप्प राहिल्या. त्या काळीं पाळक वर्षांतून एकदांच येत, आणि पोराचा बाप्तिस्मा व्हावयाचा राहिला होता. "नाव न्हाई ठिवलं," त्या म्हणाल्या. "आम्ही बाळ्या म्हणायचो." त्यांनीं मोबाइलांत तेंच लिहिलें. आम्हीं वहींत लिहिलें: बाळ्या, वय दोन, थारोळ्यापासून खिंडीच्या रोखें एकतीस पावलें, मास्तरांच्या पायथ्याशीं.

आम्ही वही मिटूं लागलों, तों आजींनीं बाळ्याच्या शेजारची मोकळी जमीन काठीनें दोन वेळां ठोकली. "पाळकसाहेब, हितं माझी जागा. हीबी लिवून घ्या, म्हंजी मागून कुणाला इचारायला नको."

आम्हीं तीही लिहून घेतली. ती अजून मोकळी आहे. गेल्या रविवारीं आजी नातीबरोबर उपासनेस आल्या होत्या.